सहाच्या जागी पाच

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मामाने मला उठवलं तेव्हा घर अजून निजलेलं होतं. रात्रभर झड लागून पहाटे उघडली होती. अंगणात पाय ठेवला की माती बोटांमधून वर येत होती. मामा काही बोलला नाही. पुढे तो, मागे मी, दोन्ही बाजूंना बांध्या. धान गुडघ्याला आलं होतं आणि पानांवरचं पाणी पोटऱ्यांना लागत होतं. तलावाच्या पाळीवर चढल्यावर त्याने मोहाच्या बुंध्याशी झाकून ठेवलेला जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, उचलला आणि माझ्यापुढे धरला. गंजात तलावाचंच पाणी होतं. त्यात नखाएवढी झिंग्याची पिल्लं तळाशी पडली होती, शंभर-दीडशे असतील. काही अजून पाय हलवत होती. जिवंत पिल्लू काचेसारखं असतं. त्याच्या अंगातून गंजाचा तळ दिसतो, पोटातली काळी रेघ दिसते, आणि डोळ्यांचे दोन ठिपके नसते तर ते पाण्यात आहे हे कळलंही नसतं. ही पिल्लं मात्र दिसत होती. शेपटीपासून पोटापर्यंत दुधासारखी पांढरी.

"पाय बाई," मामा म्हणाला, "पाण्यातच शिजले."

मी एक पिल्लू बोटावर घेतलं. मामाचं निरीक्षण अचूक होतं. झिंगा चुलीवर चढला की त्याचं मांस असंच अपारदर्शक होतं. इथे चूल नव्हती, पाणी गार होतं. चार वर्षं मी ज्या विषाणूच्या कवचाचा अभ्यास करते, तो माझ्या तर्जनीवर होता. इतक्या वर्षांत त्याने मारलेलं जनावर मी पहिल्यांदाच हातात धरलं होतं, आणि तेही माझ्याच गावच्या पाण्यातलं. मामाने विचारलं, "येच्यावर औषध का हाये?" मी म्हटलं, "औषध नाही, मामा." तो थोडा वेळ गंजाकडे पाहत राहिला. मग त्याने विचारलं, "मंग तू चार वर्सं का पायतेस?"

त्यात टोमणा नव्हता. साकोलीची बस किती वाजता आहे, हे विचारावं तसं त्याने विचारलं होतं. टोमणा असता तर मी उलट काहीतरी बोलून मोकळी झाले असते. उत्तर माझ्याकडे आहे, ते फक्त त्याला सांगायचं राहिलं आहे, असं मला तेव्हा वाटलं. पाळीवरून उतरताना मनातल्या मनात वाक्य जुळवायला घेतलं, तर एकही धड जुळेना.

आमच्या भागात तलाव म्हणजे काय, हे झाडीपट्टीतल्या माणसाला सांगायला नको. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळापासूनचे तलाव गावागणिक आहेत. सरकारी कागदावर ते 'मामा तलाव' झाले, माजी मालगुजारी या शब्दांची आद्याक्षरं घेऊन. लहानपणी मला वाटायचं, माझ्या मामाचा तलाव आहे म्हणून त्याला मामा तलाव म्हणतात. तसं पाहिलं तर होताच तो त्याचा. मामा मासेमारांच्या सोसायटीत होता, पहाटे जाळं टाकायचा, आणि मामी टोपली डोक्यावर घेऊन चार गावं फिरायची. आम्ही ढिवर. घरात दोन वास कायम असायचे, भिजलेल्या जाळ्याचा आणि सुकत घातलेल्या झिंग्यांचा. ते झिंगे तलावातलेच, बोटाच्या पेरापेक्षा लहान. अंबाडीच्या भाजीत मूठभर पडले की भाजीला चव यायची. वांग्यात पडले तर त्या दिवशी कोणी भाताचा हिशेब ठेवायचं नाही. नागपूरला होस्टेलवर मी एकदा सुक्या झिंग्यांची पुडी नेली होती. खोलीतल्या मुलींनी खिडक्या उघडल्या. पुढच्या वेळी मी पुडी नेली नाही. ते अजून आठवलं की पोटात काहीतरी आवळतं.

मोठा झिंगा नंतर आला. सोसायटीतले लोक त्याला स्कॅम्पी म्हणतात, कोणी नुसतंच मोठा झिंगा. नराच्या नांग्या निळ्या आणि अंगापेक्षा लांब, वजन हाताला कळण्याइतकं, भाव मासळीपेक्षा कितीतरी चढा. पावसाळ्यात पिल्लं सोडायची, तलाव आटायच्या आत काढायची. रोहू-कटल्याला जोड म्हणून चांगलं पीक. अडचण एवढीच, की हा झिंगा गोड्या पाण्यात वाढतो, पण गोड्या पाण्यात जन्मत नाही. अंड्यातून निघालेल्या अळीला मचूळ पाणी लागतं, समुद्राचं आणि नदीचं मिसळलेलं. त्या पाण्यात ती अकरा अवस्थांतून जाते, महिनाभर उलटी पोहते, आणि मग एक दिवस सरळ होऊन झिंग्याच्या आकाराची होते. तेव्हा कुठे ती नदीतून वर चढू लागते. हा झिंगा मूळचा ज्या नद्यांचा, त्यांत गोदावरीचा त्रिभुज प्रदेशही येतो. आमच्या तलावाचा सांडवा नाल्याला मिळतो, नाला वैनगंगेला, वैनगंगा पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला. म्हणजे आमचंच पाणी खाली जाऊन ज्या मुखाशी मचूळ होतं, तिथला हा जीव. तो नदीने वर येत नाही. किनाऱ्यावरच्या बीजकेंद्रातून प्लॅस्टिकच्या पिशवीत, ऑक्सिजन भरून, रबराने तोंड बांधून, रात्रभर गाडीतून येतो. त्या वर्षी आमच्या सोसायटीने वीस हजार पिल्लं आणली होती. आधी तलावाच्या कोपऱ्यात हापा, म्हणजे जाळीचा पिंजरा, लावून त्यात ठेवली, थोडी मोठी झाली की मोकळी सोडायची म्हणून. आठव्या दिवशी तो गंज भरला.

हा विषाणू बाहेरून हल्ला करत येतो असं लोकांना वाटतं. पण तो आईकडूनही येतो. मोठ्या झिंग्याला तो बहुधा काही करत नाही. मादी धडधाकट दिसते, अंडी देते आणि अंड्यांबरोबर हेही देते. मरतात ती पिल्लं. शेपटीच्या स्नायूत सुरुवात होते, दोन-तीन दिवसांत टाक्यातली पिल्लं पांढरी होतात, आणि कधी शंभरातली पंचाण्णव जातात, कधी सगळीच. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडेलूप बेटावर गेल्या शतकाच्या अखेरीस हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला. १९९९ साली त्यावरचा निबंध छापून आला आणि त्यानंतर काही वर्षांतच तो आपल्याकडच्या बीजकेंद्रांतही सापडला. ज्या गावाचं नाव ग्वाडेलूपमध्ये कोणी कधी ऐकलं नसेल, त्या गावच्या हाप्यात तो कसा पोचला याचं उत्तर त्या फुगलेल्या पिशवीत आहे. झिंगा ज्या वाटेने जगभर फिरला, त्याच वाटेने हा फिरला.

नोडाव्हायरस असं त्याच्या घराण्याचं नाव. अगदी गरीब विषाणू. आरएनएचे, म्हणजे जनुकीय मजकुराचे, दोन धागे, एवढीच त्याची इस्टेट. लांब धाग्यावर स्वतःच्या प्रती काढण्याचं यंत्र लिहिलेलं असतं आणि आखूड धाग्यावर कवचाचं प्रथिन. कवचासाठी एकच प्रथिन, ३७१ अमिनो आम्लांची एक माळ. कोळंबीचा दुसरा प्रसिद्ध विषाणू, पांढऱ्या ठिपक्यांचा, त्याच्यापुढे सरदार वाटावा. त्याच्या अंगावर प्रथिनांचे कितीतरी प्रकार आहेत, वेगळं पांघरूण, वेगळी आतली पेटी. आमच्या विषाणूकडे एक वीट आहे आणि त्या एका विटेने तो सगळं घर बांधतो. मी चार वर्षं ती वीट पाहते आहे.

पाहते म्हणजे काय, तर बरंचसं धुणं-भांडं. त्या प्रथिनाची जनुकीय कृती एका साध्या जिवाणूत घालायची. जिवाणू वाढवायचे, मग त्यांना प्रथिन करायला लावायचं, फोडायचं, गाळायचं. झिंग्याला हातही लावायचा नाही. शेवटी जेलीच्या पट्टीवर निळी रेघ उमटते. ४३ किलोडाल्टनच्या, म्हणजे या प्रथिनाच्या वजनाच्या, खुणेशी ती आली की दिवस चांगला. पुढे त्याचा एक थेंब तांब्याच्या जाळीवर ठेवायचा. जाळी तीन मिलिमीटरची, टिकलीएवढी, चिमट्याने धरताना श्वास रोखावा लागतो. त्यावर युरेनियमच्या क्षाराचा रंग चढवायचा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायचं. पहिले तीन महिने मला राखाडी धुरळ्याशिवाय काही दिसलं नाही. एका संध्याकाळी पडद्यावर कड्या दिसल्या. शेकडो, सगळ्या सारख्या, प्रत्येकीची कड पांढरी आणि मध्यभाग काळा. काळा अशासाठी, की आत पोकळी होती आणि तिच्यात रंग शिरला होता. विषाणूचं कवच, आत विषाणू नाही. रोग देऊ न शकणारं रिकामं घर. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशी दोन-अडीच हजार घरं ओळीने बसतील. बाहेर एसीचा आवाज चालू होता. मी खुर्चीवर मांडी घालून बसले आणि बराच वेळ नुसती पाहत राहिले.

मला ते फार सुंदर वाटलं होतं.

मामाने गंज पुढे धरला तेव्हा तीच संध्याकाळ आठवली, म्हणून उत्तर जुळत नव्हतं. ज्याने वीस हजार पिल्लं पाण्यातच शिजवली, ते मला सुंदर वाटलं होतं. हे मी कोणाला सांगणार? मामीने बचत गटातून काढलेले पैसे त्या पिशव्यांत गेले होते. दुपारी पोरं लाकडाचे बैल घेऊन घरोघर फिरत होती, मामी प्रत्येकाच्या हातावर काहीतरी ठेवत होती, आणि ठेवताना नेहमीसारखी हसत होती. बीज पोचवणाऱ्या दलालाला मामाने तीनदा फोन लावला. तिसऱ्यांदा पलीकडून कोणीतरी म्हणालं की तुमच्या पाण्यातच दोष असेल. मामा म्हणाला, "पानी तं आमचं आज्याच्या येरचं हाये," आणि फोन ठेवला.

त्या दुपारी मला घरात बसवेना. गावाच्या टोकाला बुरड आजी राहते, तिच्या अंगणात जाऊन बसले. लहानपणीही मी तिथे जायची, तिने टाकलेल्या बांबूच्या सालींच्या गाड्या करायला. आजी कोंबड्या झाकायचं डालगं विणत होती. ओल्या बांबूला एक वास असतो, कच्च्या काकडीसारखा, तो अंगणभर होता. तिच्या दोन्ही पायांचे अंगठे कामट्यांवर दाबलेले, हात चाललेले. डालग्याची वीण तुम्ही पाहिली असेल, मोकळी, घराघरांची. कामट्या तीन दिशांनी जातात, आणि त्यांच्या मधे सहा कोनांची घरं पडतात, मधाच्या पोळ्यासारखी. मी ती हजारदा पाहिली होती. त्या दिवशी मी घरं मोजत होते, कारण डोकं दुसऱ्या कशात लागत नव्हतं. सहा कोन, सहा कोन, सहा कोन. आणि मग एक घर पाचाचं.

मला वाटलं आजी चुकली. म्हातारपणी नजर गेली असेल. मी बोट ठेवून म्हटलं, "आजी, इथे एक काडी कमी पडली." आजी हसली नाही, रागावलीही नाही. तिने हातातलं काम थांबवलं आणि माझं बोट धरून पुढच्या घरावर ठेवलं, मग त्याच्या पुढच्या. थोड्या अंतरावर आणखी एक पाचाचं. "सहाचे सहाच इनत गेली तं चटई होते," ती म्हणाली. "चटईखाली कोंबडी राह्यते का? जेथी वरवाचं हाये तेथी पाचाचं घर टाका लागते." आमच्याकडे 'ळ' जिभेवर येत नाही, वळवायचं म्हणजे वरवाचं. जिथे वळायचं आहे, तिथे पाचाचं घर.

मी डालगं फिरवून फिरवून मोजलं. वरच्या घुमटात सहा घरं पाचाची. खाली जिथे कड सरळ उभी उतरते, तिथे एकही नाही.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. कॅस्पर आणि क्लुग या दोन शास्त्रज्ञांनी १९६२ साली गोल विषाणूंची ही रचना मांडली. एकाच आकाराच्या विटांनी बंद गोळा बांधायचा, तर सगळ्याच विटा सारख्या शेजारात बसू शकत नाहीत. कुठे सहा जणींचा गट लागतो, कुठे पाच जणींचा. सहांच्या गटाने सपाटी मिळते, पाचांच्या गटाने वळण, आणि गोळा पुरता मिटायला पाचांची १२ ठिकाणं लागतात, कमी नाही, जास्त नाही. आजीच्या घुमटात सहा होती. त्याखाली तसाच दुसरा घुमट उलटा जोडला असता तर १२ झाली असती. माझ्या विषाणूच्या कवचात पाचांचे १२ गट आणि सहांचे २०. साठ आणि एकशेवीस, मिळून १८० प्रती. हा हिशेब मला झोपेतही येत होता. पण पाचाचा गट म्हणजे माझ्या डोक्यात एक आकृती होती, निळ्या रंगात छापलेली. त्या जागी एक काडी मुद्दाम कमी करावी लागते, आणि कमी केली की सगळं विणकाम हाताखाली आपसूक वाकतं, हे मला बोटांना कधी कळलं नव्हतं. आजीने मला एक पाचाचं घर विणायला दिलं. पाचवी कामटी आत ओढली तेव्हा बाकीच्या पट्ट्या खरोखर माझ्या तळव्याकडे उचलल्या गेल्या. मी पुन्हा सैल सोडून पुन्हा ओढली. तळव्याला ती उचल अजून आठवते.

मी आजीला सांगितलं, की झिंग्याला मारणारा एक जंतू आहे आणि त्याचं टरफल अस्संच विणलेलं असतं. तिने विचारलं, "कोन इनते?" मी म्हटलं, "कोणी नाही. तुकडे एकत्र आले की आपोआप विणलं जातं." हे आजीला पटलं नाही. "आपोआप का होते बाई? बांबू तरी भिजवाच लागते. सुका बांबू वरते का? तुटते." मी गप्प बसले, कारण ती जे म्हणाली तेच माझं काम होतं. हे प्रथिनही कशाही पाण्यात विणलं जात नाही. कॅल्शियम काढून घेतलं आणि त्यासोबत प्रथिनातले काही बंध सोडवले, की बांधलेली कवचं सुटून तुकडे होतात. पुन्हा कॅल्शियम दिलं की जुळू लागतात. किती दिलं, कोणत्या क्रमाने दिलं, पाणी किती खारट होतं, यावर कडी मिटणार की अर्धवट राहणार हे ठरतं. मी त्याला चार वर्षं इंग्रजीत 'परिस्थिती' म्हणत आले होते. आजी त्याला भिजवणं म्हणत होती. दोन्हींत तिचा शब्द मला अधिक बरोबर वाटला, आजही वाटतो.

संध्याकाळी मी मामाला शोधत पाळीवर गेले. तो हापा काढून वाळत घालत होता. मेलेली पिल्लं तलावात टाकू नका, खड्डा करून चुना घालून पुरा, हे सकाळीच सांगितलं होतं, ते त्याने केलं होतं. मी आजीकडून उसनं आणलेलं डालगं त्याच्यापुढे ठेवलं आणि सांगायला लागले. दिवसभर मी उत्तर शोधत होते ते 'उपयोग काय' या प्रश्नाचं, आणि मामाने विचारलं होतं 'का पायतेस'. आमच्या बोलीत 'का' म्हणजे काय; तो विचारत होता, 'काय पाहतेस'. म्हणून जे पाहते तेच सांगितलं. हा जंतू. हे त्याचं टरफल. ही पाचाची घरं, ही सहाची. वर पात्यासारखी टोकं निघालेली, दोन-दोन प्रथिनांचं एक पातं, अशी ९०. २०१८ साली मलेशिया आणि स्कॉटलंडच्या लोकांनी गोठवलेल्या पाण्यात त्याचे फोटो काढून अणू दिसतील इतक्या जवळून ते पाहिलं. झिंग्याच्या पेशीला विषाणू पहिल्यांदा भेटतो तो या कवचानेच. कुठलं टोक कुठे अडकतं हे कळलं तर ते अडकू न देण्याची वाट कधी ना कधी सापडेल. आणि रिकामं टरफल आपल्या कामाचंही आहे, त्यात उपयोगी मजकूर भरून झिंग्याच्या पेशीत पोचवता येईल का, यावर लोक खटपट करताहेत.

मामा ऐकत होता. डालगं हातात घेऊन त्यातून पलीकडचं पाणी पाहत होता. मग म्हणाला, "लस नाई का निंगत? कोरोनाची निंगाली तशी." मी सांगितलं, की आपलं रक्त एकदा झालेला आजार लक्षात ठेवतं, त्याला ओळखणारी प्रतिपिंडं तयार करतं. झिंग्याच्या रक्तात तशी प्रतिपिंडं होतच नाहीत, म्हणून माणसासारखी लस त्याला चालत नाही. हे ऐकून त्याचा चेहरा पडला. त्या चेहऱ्याकडे पाहून मला खोटं बोलावंसं वाटलं. पाच वर्षांत काहीतरी येईल, असं. बोलले नाही. म्हटलं, "आज एवढंच हातात आहे, मामा. पिल्लं सोडायच्या आधी तपासायची."

"कशी?"

"आरटीपीसीआर."

त्या शब्दाने त्याने मान वर केली. गावात तो शब्द सगळ्यांना माहीत आहे, २०२० नंतर. ज्यांना घ्यायला ॲम्ब्युलन्स आली होती त्यांनाही, आणि ज्यांच्याकडे ती उशिरा पोचली त्यांनाही. मामाचा धाकटा भाऊ दुसऱ्या लाटेत गेला. मामा म्हणाला, "थे झिंग्याची बी होते?" होते, मी म्हटलं. पिल्लं अल्कोहोलच्या नळीत घालायची, प्रयोगशाळेत त्यांच्यातला आरएनए काढायचा, आणि या विषाणूचा धागा त्यात आहे का पाहायचं. कवचाचं प्रथिन ज्या धाग्यावर लिहिलेलं आहे, त्याच धाग्यावरचा तुकडा शोधूनही ती तपासणी करता येते. म्हणजे मी पाहते ते आणि हे, एकाच धाग्यावरचं आहे. हे सांगताना माझा आवाज थोडा चढला होता. मामाने पुढे जे विचारलं ते हिशेबाचं होतं. तपासायला किती दिवस? पैसे कोण देणार? पिशवीतली हवा तर एका दिवसाची, मग निकाल येईपर्यंत पिल्लं ठेवायची कुठे? दलाल म्हणणार, घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढच्या सोसायटीला देतो. माझ्याकडे यातल्या एकाचंही पूर्ण उत्तर नव्हतं. आम्ही अंधार पडेपर्यंत पाळीवर बसून तेच बोलत राहिलो. पाण्यातून बेडकांचा आवाज वर येत होता, आणि मध्येच एखादा मासा उसळून पडे.

हिवाळ्यात सोसायटीच्या बैठकीत मामाने तो विषय काढला. काही जण म्हणाले, झिंगाच नको. एक म्हातारा म्हणाला, धानाला तुडतुडा लागला म्हणून धान सोडलं का. शेवटी ठरलं, की यंदा वेगळ्या ठिकाणाहून घ्यायचं, सगळा माल उचलायच्या आधी तीनशे पिल्लांची एक पिशवी नमुना म्हणून मागायची, ती तपासायची, आणि निकाल स्वच्छ आला तरच पैसे द्यायचे. बीजकेंद्राने आढेवेढे घेतले, मग कबूल केलं. मी माझ्या मार्गदर्शकांशी बोलले, त्यांनी तपासणी आपल्याकडे करून द्यायचं मान्य केलं. या सगळ्याला सहा महिने लागले आणि कुठेही ते माझ्या प्रबंधात येणार नाही.

जुलैत पाऊस उशिरा आला. तलाव अर्धाच भरलेला असताना पिशवी आली. मी तेव्हा सातशे-आठशे किलोमीटर लांब होते. मामाने व्हिडिओ कॉल लावला. पिशवी तशीच बांधलेली, गोठ्याजवळच्या सिमेंटच्या नांदीत तरंगत ठेवलेली, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. मी सांगितलं होतं तसं त्याने घड्याळ लावलं होतं. मग गाठ सोडली आणि पाणी हळूहळू आत घेतलं. पिल्लं बाहेर पडताना फोनवर काहीच दिसलं नाही, इतकी ती काचेची होती. त्याने वीस पिल्लं चहाच्या गाळणीने काढून मी पाठवलेल्या नळ्यांत टाकली, माझा चुलतभाऊ त्या घेऊन नागपूरला निघाला, तिथून पुढे कुरिअर. निकाल यायला तीन-चार दिवस तरी लागणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन आला. नांदीवर खंड्या येऊन बसतो म्हणून मामाने आजीकडून जुनं डालगं आणून उलटं घातलं होतं. कॅमेरा त्याने अगदी जवळ नेला. डालग्याच्या घरांतून ऊन खाली उतरून पाण्यावर पडलं होतं, सहाचे ठिपके आणि मधे कुठेतरी पाचाचा एक. त्या उजेडात नांदीच्या तळाशी काहीतरी सरकत होतं, हललं की तेवढ्यापुरतं दिसायचं.

"शेपटी दिसते का?" मी विचारलं.

"नाई दिसत," मामा म्हणाला. "आरपार हाये." थोडा थांबून म्हणाला, "उद्या सकारी परत लावतो."